संगणकाचीं धुळाक्षरें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

लोणावळ्याच्या बाजूस घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी मोठमोठ्या नळांतून खालीं खोपोलीस उतरतें आणि तेथें त्यापासून वीज निर्माण होते. खोपोलीचें हें वीजघर टाटांनीं सन १९१५ मध्यें चालू केलें. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरीस दुसरें वीजघर उभें राहिलें. या दोन्ही ठिकाणची वीज मुंबईस गेली. तिच्यावर गिरण्या चालल्या, शहरांत दिवे लागले. परंतु ज्या शेतांवरून आणि पाड्यांवरून त्या तारा गेल्या, तेथील घरांत मात्र पुढें कितीतरी वर्षें रॉकेलच्या चिमण्याच जळत होत्या. वीज डोक्यावरून जात होती. घरांत येत नव्हती.

विद्येची गोष्टही पुष्कळदां अशीच होते. एखादी नवी विद्या गांवांत येते, शेजारच्या कचेरींत येते, फार काय, आपल्याच घरांतील एका मेजावर येऊन बसते. तरी घरांतील प्रत्येकाच्या हातीं ती येतेच असें नाहीं. संगणकाची आज नेमकी हीच अवस्था आहे. कर्जत, नेरळ, खोपोली येथील पुष्कळ सुशिक्षित घरांत संगणक आहे. मुलगा त्यावर कचेरीचें काम करतो, सून त्यावर पैशाचे व्यवहार पाहते, नातवंडें त्यावर अभ्यास करतात आणि अभ्यासाहून अधिक खेळतात. आणि ज्यांनीं जन्मभर हिशेब लिहिले, अर्ज लिहिले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कागद वाचून दाखविले, तीं घरांतील वडील माणसें त्या यंत्रावरील धूळ तेवढी पुसतात आणि दोन पावलें दूर उभीं राहतात. ही डोक्यावरून गेलेली तार खालीं घरांत कशी आणावी, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

बोलणें स्पष्ट व्हावें म्हणून एक आजोबा कल्पनेंत आणावेत. वय सदुसष्ट. नोकरीचीं सर्व वर्षें कर्जतहून मुंबईच्या गाडीनें जा-ये करण्यांत गेलीं. खालापूर तालुक्यांतील एका गांवीं वडिलार्जित तीन एकर जमीन आहे. ती दुसऱ्याकडून कसवून घेतात. घरांत मुलगा, सून आणि इयत्ता आठवींत शिकणारी नात. संगणक शिकावा असें त्यांच्या मनांत आलें कीं मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हांला काय करायचें आहे शिकून? आम्ही आहोंत ना!" हे शब्द मायेचेच आहेत. परंतु ज्या मायेनें मनुष्य परावलंबी होतो, ती माया थोडी तपासून पाहिली पाहिजे.

परावलंबन कसें, तें या तीन एकरांवरूनच पाहावें. मुंबई आणि पुणें या दोन शहरांच्या मधोमध कर्जत आणि खालापूर हे तालुके वसले आहेत. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला आणि तो खालापूर तालुक्यांतूनच जातो. येथील जमिनीस गिऱ्हाईक पुष्कळ. कोणास शेतघर पाहिजे, कोणास कारखाना. जेथें जमिनीस मोल चढतें, तेथें कागदासही मोल चढतें. जमिनीचा मुख्य कागद म्हणजे सातबारा. गांवच्या दप्तरांतील नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून तें नांव पडलें. नमुना सहा ही फेरफाराची नोंदवही. जमीन विकली गेली, गहाण पडली, वारसांकडे आली, कीं आधीं तेथें नोंद होते आणि मग सातबारा बदलतो.

हें सारें दप्तर आतां संगणकावर आलें आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या पाहतां येतो. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा, म्हणजे कचेरींत ग्राह्य धरला जाणारा उताराही मिळूं लागला. फेरफाराची नोंद झाली कीं संबंधितांस नोटीस निघते आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. पूर्वीं ती नोटीस पाहण्यास गांवच्या चावडीवर जावें लागे. आज ‘आपली चावडी’ या नांवानें ती संगणकाच्या पडद्यावरही दिसते. आतां ज्यास स्वतःस संगणक उघडतां येत नाहीं, त्यानें या पंधरा दिवसांत काय करावें? मुलगा कामांत असतो, सुनेस वेळ नसतो, नातीची परीक्षा असते. उद्यां पाहूं, रविवारीं पाहूं, असें म्हणतां म्हणतां मुदत निघून जाते. घरांतील कोणाचाही यांत वाईट हेतु नसतो. जमीन आजोबांची, काळजी आजोबांची, परंतु पाहणारे डोळे दुसऱ्याचे, एवढाच काय तो दोष. म्हणून साठीनंतर संगणक शिकणें ही हौस नव्हे. आपला कागद आपण वाचण्याचा जो जुना हक्क, तो राखण्याचा तो उपाय आहे.

आतां शिकण्याच्या आड काय येतें? बुद्धि आड येत नाहीं. ज्यानें चाळीस वर्षें जमाखर्च मांडला, त्याची बुद्धि या यंत्रास पुरून उरेल. आड येते ती भीति, आणि तिच्या जोडीला लाज. भीति अशी कीं एखादी भलतीच कळ दाबली तर यंत्र बिघडेल आणि हजारों रुपयांचें नुकसान होईल. लाज अशी कीं जें नातीस खेळतां खेळतां येतें, तें आपणांस तीनतीनदां विचारावें लागतें.

भीतीचें मूळ एका जुन्या समजुतींत आहे. संगणक म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञांचें काम, ही समजूत एके काळीं खरी होती. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जो संगणक बांधला गेला, तो १९६० सालीं काम करूं लागला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. त्यांत दोन हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या, आणि तो ठेवावयास दालन लागत असे. तेथें सामान्य माणसाचें काय काम? परंतु १९८१ च्या ऑगस्टमध्यें आयबीएम कंपनीनें मेजावर मावणारा संगणक विक्रीस काढला, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत हें यंत्र घराघरांत शिरलें. जें यंत्र घरोघर जावयाचें, तें चुकणाऱ्या माणसांसाठींच घडवावें लागतें. आजचा संगणक तसाच आहे. कळफलकावरील कोणतीही कळ दाबल्यानें यंत्र मोडत नाहीं. कांहीं पुसून टाकावयाचें असेल, तर तें पुसण्यापूर्वीं बहुधा विचारतें. आणि पुसलेलीं कागदपत्रें बहुतेक वेळां एका टोपलींत ठेवून देतें, तेथून तीं परत आणतां येतात. लिहितांना चूक झाली तर कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकत्र दाबाव्या. शेवटची कृति उलटते. पुन्हां दाबाव्या, त्याच्या आधींची उलटते.

जुन्या काळीं मुलास लिहिण्यास बसवीत, तेव्हां त्याच्या हातीं एकदम शाई-कागद देत नसत. लांकडी पाटीवर बारीक धूळ पसरीत आणि तींत बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावयास लावीत. चुकलें कीं तळहात फिरवावा, पाटी पुन्हां कोरी. म्हणूनच त्यांस धुळाक्षरें म्हणत. ज्यानें ही युक्ति काढली त्यास शिकणाऱ्याचें मन चांगलें ठाऊक होतें: चूक पुसतां येते हें कळल्याखेरीज हात मोकळा होत नाहीं. संगणक ही एक मोठी धूळपाटीच आहे. आजोबांस पहिल्या दिवशीं दुसरें कांहीं शिकवूं नये. मुद्दाम चार वेड्यावांकड्या ओळी लिहावयास लावून त्या पुसावयास शिकवावें. पुसणें आधीं, लिहिणें मागाहून.

लाजेची गोष्ट निराळी आहे. दिल्लीस कालकाजी येथें जानेवारी १९९९ मध्यें सुगत मित्र यांनीं एका भिंतींत संगणक बसवून तो वस्तींतील मुलांस मोकळा करून दिला. शिक्षक नाहीं, पुस्तक नाहीं. मुलें आपापसांत पाहून, हात लावून, चुकत चुकत तो चालवावयास शिकलीं. यावरून लहान मुलांची बुद्धि अधिक तल्लख असें अनुमान पुष्कळ जण काढतात. त्याहून सोपें अनुमान असें कीं तेथें चुकल्यावर हंसणारें वडीलधारें कोणी नव्हतें. आजोबांचें उलट असतें. त्यांच्याभोंवतीं सगळे जाणते, सगळे घाईचे. तेव्हां शिकण्याची वेळ अशी निवडावी कीं घरांत गर्दी नसेल. दुपारची झोंप झाल्यावर रोज अर्धा तास पुरे. परंतु तो रोज पाहिजे. आठवड्यांतून एकदां तीन तास बसण्यापेक्षां हा अर्धा तास अधिक फळ देतो, कारण साठीनंतर बुद्धि समजून लवकर घेते, हात मात्र संवय उशिरां धरतो.

हाताच्या संवयीची पहिली पायरी म्हणजे माऊस. अमेरिकेंतील डग्लस एंगलबार्ट यांनीं ही वस्तु कल्पिली आणि डिसेंबर १९६८ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें जाहीर सभेंत चालवून दाखविली. त्यांचा पहिला नमुना लांकडी ठोकळ्याचा होता, खालीं दोन चाकें आणि मागें शेपटीसारखी तार. हात मेजावर फिरतो आणि बाण पडद्यावर फिरतो, ही त्यांतील खुबी. नव्या माणसाचे डोळे हाताकडे जातात. ते पडद्यावरील बाणाकडे ठेवावे, म्हणजे हात आपोआप वळण घेतो. मेजाची कड आली तर घाबरूं नये. माऊस उचलावा आणि मध्यभागीं ठेवावा, बाण होता तेथेंच राहतो. लागोपाठ दोन टिचक्या मारणें हें आजोबांस सर्वांत कठीण जातें, कारण दोन टिचक्यांच्या मध्यें हात किंचित् सरकतो. त्यावर सोपा तोडगा आहे: एक टिचकी मारून वस्तु निवडावी आणि एंटरची कळ दाबावी, पुष्कळ ठिकाणीं काम तेंच होतें. आणि हाताला वळण लावण्यासाठीं पत्त्यांचा खेळ खेळण्यास मुळींच संकोच करूं नये. १९९० सालच्या विंडोज प्रणालींत सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ घातलेला होता आणि पान उचलून दुसऱ्या जागीं नेऊन ठेवण्याची संवय असंख्य लोकांस त्यानेंच लागली.

दुसरी पायरी कळफलकाची. येथें पुष्कळांस पहिल्याच दिवशीं राग येतो, कारण इंग्रजी अक्षरें ओळीनें लावलेलीं नाहींत. ती रचना टंकलेखन यंत्राच्या काळची, म्हणजे दीडशें वर्षांपूर्वींची आहे. यंत्र बदललें, रचना राहिली. परंतु मराठी माणसासाठीं एक आनंदाची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक आहे. भारतीय भाषांसाठीं इन्स्क्रिप्ट नांवाची जी रचना प्रमाण मानली गेली आहे, ती आपल्या वर्णमालेच्या शिस्तीनें केलेली आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे. व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे. क आणि ख एकाच कळेवर. ग आणि घ एकाच कळेवर. त आणि थ एकाच कळेवर. शिफ्टची कळ दाबून धरली कीं दुसरें अक्षर उमटतें. ‘कर्जत’ लिहावयाचें तर क, र, पाय मोडण्याचें चिन्ह, ज, त, अशा पांच कळा. त्यांतील चारही अक्षरें उजव्या हाताचीं आणि पाय तेवढा डाव्या हातानें मोडावयाचा. ज्यानें बाराखडी पाठ केली आहे, त्यास ही रचना परकी वाटत नाहीं. उच्चाराप्रमाणें इंग्रजी अक्षरें दाबून मराठी उमटविण्याचीही एक रीत आहे. ज्यास ती सोयीची वाटेल त्यानें ती घ्यावी. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट एकच: मजकूर युनिकोड पद्धतीचा असावा. पूर्वीं एका संगणकावर लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलें कीं नुसतीं खुणाचिन्हें दिसत, कारण प्रत्येक ठशाचे संकेत वेगळे होते. युनिकोडमध्यें प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच असल्यामुळें ती अडचण उरली नाहीं.

तिसरी पायरी जतन करण्याची, आणि ती या भागांत विशेष महत्त्वाची. कर्जत-खालापूरचा पाऊस प्रसिद्ध आहे. आषाढांत घाटाकडून ढग उतरले कीं वीज जाण्यास वेळ लागत नाहीं. आजोबा तासभर खपून एक अर्ज लिहितात आणि इतक्यांत पडदा काळा होतो. अर्ज गेला! यंत्रावरील विश्वास त्या दिवशीं उडतो तो उडतोच. कारण समजून घेतलें तर राग येणार नाहीं. संगणकाच्या पोटांत दोन प्रकारची स्मरणशक्ति असते. एक पाटीसारखी: चालू काम तिच्यावर होतें, वीज गेली कीं ती पुसली जाते. दुसरी वहीसारखी: तींत उतरविलेलें वीज गेल्यानंतरही राहतें. जतन करणें, ज्यास संगणकाच्या भाषेंत सेव्ह म्हणतात, म्हणजे पाटीवरचें वहींत उतरवून ठेवणें. कांहीं ठिकाणीं यंत्र हें काम आपोआप करतें. तथापि शिकणाऱ्यानें त्यावर विसंबूं नये. पहिली ओळ लिहून झाली कीं कागदास नांव द्यावें आणि दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबाव्या. नांव देतांनाही ‘अर्ज १’, ‘अर्ज २’ असें देऊं नये; ‘खालापूर जमीन वारस अर्ज’ असें पुरतें द्यावें, म्हणजे सहा महिन्यांनीं सांपडेल. आणि आकाशांत विजा कडाडूं लागल्या तर यंत्र बंद करून भिंतीतील खुंटी काढून ठेवावी.

आतां शिकविणाऱ्याविषयीं. घरांतील शिकवणीचा नेहमींचा प्रकार असा असतो. आजोबा माऊस धरून बाण शोधीत असतात. नात शेजारीं उभी. तिला सर्व दिसत असतें आणि आजोबांस कांहींच दिसत नसतें. पांच सेकंद जातात, दहा जातात. मग ती म्हणते, "आजोबा, द्या इकडे, मी करते." तिचीं बोटें भराभर चालतात, पडदा चारदां बदलतो, आणि काम होतें. आजोबा म्हणतात, "वा! हुशार आहेस हो." आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथेंच येऊन बसतात. काम झालें, शिक्षण झालें नाहीं.

ही चूक नातीची नव्हे. भल्याभल्या शिक्षकांच्या हातून ती होते. तिच्यावर उपाय अगदीं साधा आहे. शिकविणाऱ्यानें आपले दोन्ही हात पाठीमागें धरावे. तोंडानें सांगावें, बोटानें दाखवावें, परंतु माऊसला हात लावूं नये. "आजोबा, आधीं बाण कोठें आहे तो पाहा. सांपडला? आतां तो हळूच डावीकडे न्या. थांबा, घाई नाहीं." दहा सेकंदांच्या जागीं दोन मिनिटें लागतील, तीं लागूं द्यावीं. आणि आजोबांनींही एक पथ्य पाळावें. जवळ एक वही ठेवावी आणि प्रत्येक काम आपल्या शब्दांत, क्रमांक घालून, पायरीपायरीनें लिहावें. नातीनें लिहून दिलेलें चालणार नाहीं. तिच्या लिहिण्यांत तिला सोप्या वाटणाऱ्या तीन पायऱ्या गळालेल्या असतात आणि आजोबा नेमके त्याच तीन पायऱ्यांवर अडतात. सन २००१ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गांवोगांवच्या केंद्रांतून शिकविला जातो. ज्यास घरच्यांपेक्षां परक्यापुढें चुकणें सोपें वाटतें, त्यानें खुशाल तेथें नांव घालावें. वयाची लाज धरण्याचें कारण नाहीं.

भीति सोडावी असें वर म्हटलें; परंतु सगळीच भीति सोडूं नये. खोटी भीति यंत्राची असते, खरी भीति माणसाची. मोबाईलवर जो चारसहा अंकांचा गुप्त संकेत येतो, ज्यास ओटीपी म्हणतात, तो दूरध्वनीवर कोणासही सांगूं नये. मागणारा स्वतःस बँकेचा अधिकारी म्हणवीत असो कीं पोलीस म्हणवीत असो. "आत्तांच्या आत्तां करा, नाहींतर खातें बंद होईल," असें जो म्हणतो त्याजवर विश्वास ठेवूं नये. खरी कचेरी कधींही इतकी घाई करीत नाहीं, हें ज्यांनीं कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले त्यांना सांगावयास नकोच. अनोळखी माणसानें पाठविलेल्या दुव्यावर टिचकी मारूं नये. आणि परवलीचा शब्द पडद्यावर चिठ्ठी करून चिकटवूं नये. एवढीं चार पथ्यें पाळलीं तर बाकी सर्व ठिकाणीं हात मोकळा सोडण्यास हरकत नाहीं.

आतां पुन्हां आपल्या कल्पनेंतील आजोबांकडे येऊं. दीड महिना झाला आहे. पत्त्यांचा खेळ येऊं लागला, पोस्टांतील व्याजाचा तक्ता स्वतः मांडला, बहिणीस मराठींत पत्र लिहिलें. एके दुपारीं, घरांत कोणी नसतांना, ते वही समोर ठेवून महाभूलेख उघडतात. विभाग विचारला जातो, कोंकण. जिल्हा विचारला जातो. त्यांच्या पेटींतील जुन्या कागदांवर कुलाबा जिल्हा असें लिहिलेलें आहे, म्हणून डोळे आधीं कुलाबा शोधतात. मग आठवतें कीं १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें. तालुका खालापूर. मग गांव, मग गट क्रमांक. शेवटीं कांहीं वेडींवांकडीं अक्षरें दिसतात, तीं पाहून जशींच्या तशीं लिहावयाचीं असतात. पहिल्यानें चुकतात. दुसऱ्यानें चुकतात. हंसावयास कोणी नाहीं. तिसऱ्यानें सातबारा उघडतो.

आणि तो वाचतांना ते थबकतात. मालकाच्या जागीं अजून त्यांच्या वडिलांचेंच नांव आहे. वडील जाऊन बावीस वर्षें झालीं. वारसाची नोंद झाली असेल असें प्रत्येक भाऊ समजून चालला होता. थोरल्यानें केली असेल असें धाकट्यास वाटलें, गांवीं असतो त्यानें केली असेल असें शहरांतल्यास वाटलें. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तो कळवावा असा नियम आहे, आणि बावीस वर्षें कोणीं कळविलेंच नाहीं. घरांतील कोणीही हा कागद यापूर्वीं पांच मिनिटांत पाहूं शकला असता. परंतु पाहावें असें ज्यास वाटत होतें त्यास पाहतां येत नव्हतें, आणि ज्यास पाहतां येत होतें त्यास तसें वाटत नव्हतें. अशीं उदाहरणें केवळ कल्पनेंतलीं नसतात. ज्या घराची जमीन गांवीं आणि माणसें शहरांत, त्या घरानें हा कागद एकदां उघडून पाहावा.

दुसऱ्या दिवशीं आजोबा उताऱ्याची प्रत आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला पिशवींत घालून खालापूरच्या बाजूस जातात, आणि ज्यांस पूर्वीं तलाठी म्हणत त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज देतात. अर्ज त्यांनींच लिहिलेला आहे. युनिकोडमध्यें, दर परिच्छेदास जतन करून.

आठ दिवसांनीं शेजारचे एक गृहस्थ घरीं येतात. त्यांचीही जमीन कर्जत तालुक्यांतच आहे. संकोचत म्हणतात, "अहो, तुम्हांला येतें म्हणे तें सातबाऱ्याचें. जरा माझाही काढून देतां का?"

आजोबा खुर्ची पुढें ओढतात आणि म्हणतात, "बसा इथें. हा माऊस धरा." आणि आपले दोन्ही हात पाठीमागें घेऊन शेजारीं उभे राहतात.